मुंबई आणि विदर्भ : दोन संघांचें बलाबल



क्रिकेटमधील दोन प्रतिस्पर्ध्यांचें बलाबल सांगावयाचें म्हटलें म्हणजे श्रोत्यांच्या मनांत प्रथम भारत आणि ऑस्ट्रेलिया, अथवा भारत आणि पाकिस्तान, हींच नांवें उभीं राहतात. त्या सामन्यांची चर्चा घरोघरीं आणि एस. टी.च्या थांब्यावर इतकी होते कीं, तींत माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरानें भर घालण्याचें कांहीं प्रयोजन नाहीं. मीं आज विषय निवडला आहे तो घरांतल्याच दोन भावांचा. थोरला भाऊ मुंबईचा संघ. २०२४ सालच्या विजयानें त्यानें रणजी करंडक ४२ वेळां जिंकला. धाकटा भाऊ विदर्भाचा संघ. साठ वर्षें त्याच्या हातीं करंडक लागला नाहीं, आणि पुढें २०१८ ते २०२५ या आठ वर्षांत तो तीनदां लागला. यांतील श्रेष्ठ कोण, हा प्रश्न आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतल्या कोणत्याहि शाळेच्या पटांगणावर विचारून पाहावा. उत्तर देतांना मुलांचे आवाज चढतात.

एका महाराष्ट्र राज्याचे क्रिकेटमध्यें तीन संघ कसे, असें परप्रांतीय मनुष्य नेहमीं विचारतो. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना होऊन वऱ्हाड व नागपूर हे भाग मुंबई राज्यांत आले, आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. परंतु १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेंत स्वतंत्रपणें उतरला, आणि त्याची गणना झाली मध्य विभागांत. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे यांच्या पंक्तीला. मुंबई पश्चिम विभागांत. त्यामुळें राज्य एक असूनहि या दोघांची गांठ विभागीय सामन्यांत पडत नसे. योगायोग पाहा. विदर्भानें १९५७-५८ सालीं श्रीगणेशा केला, आणि त्याच्या पुढच्याच हंगामापासून, म्हणजे १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत, मुंबईनें ओळीनें १५ वेळां करंडक जिंकला. धाकट्याचें सगळें बाळपण थोरल्याचे सत्कार पाहण्यांत गेलें.

नागपूरच्या मातींत गुण नव्हता असें मात्र कोणीं म्हणूं नये. भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे नायक कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ सालीं नागपुरासच झाला. पण त्यांचें नांव जोडलें गेलें तें इंदूरच्या होळकर संघाशीं. राजाश्रय तिकडे होता. गुणी माणसानें आश्रयाच्या शोधांत नागपूर सोडावें, ही रीत तेव्हांपासूनची आहे.

आतां मुंबईचें बळ कशांत आहे तें पाहूं. आमच्या लहानपणीं यवतमाळास मुंबईच्या खेळाडूंचें दर्शन घडण्याचा संभव नव्हता. परंतु बाळ ज. पंडित यांचें मराठी समालोचन कानांत प्राण आणून ऐकावें आणि वाडेकर, गावसकर, वेंगसरकर हीं मंडळी जणूं आपल्याच गल्लींत राहतात असें मानावें, ही आमची स्थिति होती. त्या फलंदाजांच्या अंगीं जो गुण होता त्याला मुंबईंत ‘खडूस’पणा म्हणतात. कोशांत हा शब्द निंदेचा आहे. मैदानावर तो बहुमानाचा आहे. बळी स्वस्तांत द्यावयाचा नाहीं, प्रतिपक्षाला हंसून कांहीं बहाल करावयाचें नाहीं, सामना हातांतून निसटल्यासारखा दिसला तरी तो निसटला हें कबूल करावयाचें नाहीं, असा त्याचा अर्थ. ही वृत्ति शिकविण्याची एक मोठी पाठशाळा म्हणजे कांगा लीग. डॉ. कांगा यांच्या नांवानें १९४८ सालीं सुरू झालेली ही स्पर्धा ऐन पावसाळ्यांत खेळली जाते. ओल्या मातीवर चेंडू कधीं थबकतो, कधीं अंगावर उडतो. तेथें ज्यानें वीस धांवा केल्या त्याला कोरड्या खेळपट्टीवरील शतकाचें भय उरत नाहीं.

मुंबईचें दुसरें बळ म्हणजे तिची शेपटी. इतर संघांचे पांच-सहा फलंदाज बाद झाले कीं प्रेक्षक डबे बांधूं लागतात. मुंबईच्या बाबतींत तसें करूं नये. फेब्रुवारी २०२४ मध्यें बडोद्याविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यांत तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनीं, दोघांनींहि, शतकें ठोकलीं. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें असा प्रकार त्यापूर्वीं एकदांच घडला होता. १९४६ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यावर चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनीं ओव्हलवर सरे परगण्याविरुद्ध तो केला होता.

तिसरें बळ रेल्वेगाडीचें. हें कोणी मोजीत नाहीं, पण मी भूगोल शिकवीत आलों आहें, म्हणून मोजतों. शार्दूल ठाकूर हा पालघरचा. पालघर मुंबईपासून सुमारें ९० किलोमीटर. तेथला मुलगा पहांटेच्या लोकल गाडींत साहित्याची पिशवी टाकून मैदान गांठतो आणि रात्रीं घरीं परततो. म्हणजे पालघर हें क्रिकेटपुरतें मुंबईच झालें. उत्तर प्रदेशांतील भदोहीचा यशस्वी जयस्वाल लहान वयांत मुंबईस आला व मुंबईचा झाला. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क. एका मैदानावर अनेक सामने एकाच वेळीं चालावे आणि एका संघाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या संघाच्या यष्टीमागें उभा असावा, असें दृश्य आमच्या बाजूला पाहावयास मिळणार नाहीं. संख्येंतून निवड होते व निवडींतून कस लागतो.

याउलट विदर्भाचें बळ ज्या मातींतून उगवलें ती काळी माती. वऱ्हाडांत हिच्यावर कापूस पिकतो. ही माती चिकण. पाणी पिऊन फुगते, वाळली कीं आक्रसते व तिला भेगा पडतात. पण नीट पाणी देऊन आणि रूळ फिरवून दाबली तर ती घट्ट धरून राहते. तिच्यावर चेंडू फार उसळत नाहीं, बॅटवर सावकाश येतो, आणि वळूं लागला तरी बेतानें वळतो. वानखेडे मैदानाची लाल माती निराळी. तिच्यावर चेंडूला उसळी अधिक आणि फिरकीला वेग अधिक. यावरून काय होतें? काळ्या मातीवर वाढलेला फलंदाज घाई करीत नाहीं, गोलंदाज कंटाळत नाहीं. एकाच टप्प्यावर तासच्या तास चेंडू टाकीत राहणें हा नागपूरच्या फिरकी गोलंदाजांचा स्वभाव झाला आहे. आदित्य सरवटे, अक्षय वखरे, आणि अलीकडे हर्ष दुबे व पार्थ रेखडे यांची गोलंदाजी पाहिली म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या डवरणीची आठवण होते. तास चुकवावयाचें नाहीं, आणि मागें वळून पाहावयाचें नाहीं.

वेगवान गोलंदाज या मातींत सहसा निपजूं नये, तरी निपजला. वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतींत वाढलेला उमेश यादव २०११ सालीं दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळला. भारतातर्फें कसोटी खेळणारा तो विदर्भाचा पहिला खेळाडू. सी. के. नायडूंच्या नागपुरास यासाठीं इतकीं वर्षें थांबावें लागलें.

परंतु केवळ मातीनें करंडक येत नाहीं. २०१७ सालीं चंद्रकांत पंडित हे विदर्भाचे प्रशिक्षक झाले. हे मूळ मुंबईचे यष्टिरक्षक. २०१५-१६ सालीं त्यांनींच मुंबईस करंडक मिळवून दिला होता; पुढच्या वर्षीं अंतिम सामन्यांत गुजरातेकडून हार झाली आणि मुंबईनें त्यांना निरोप दिला. थोरल्या घरानें दार लावलें तें धाकट्याच्या पथ्यावर पडलें. त्यांच्या आधींच आणखी एक मुंबईकर, वसीम जाफर, विदर्भाकडे आला होता. फैझ फझल कर्णधार. डिसेंबर २०१७ मध्यें कलकत्त्याच्या ईडन उद्यानांत कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना झाला, त्यांत विदर्भ अवघ्या ५ धांवांनीं जिंकला. रजनीश गुरबानी या स्थापत्यशास्त्राच्या पदवीधरानें त्या सामन्यांत १२ बळी घेतले. नंतर इंदूरच्या होळकर मैदानावर (नायडूंच्या इंदुरास!) दिल्लीशीं अंतिम सामना झाला. गुरबानीनें लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडविले. त्यांतला तिसरा १४५ धांवा केलेला ध्रुव शोरी. दिल्लीच्या २९५ धांवांना विदर्भानें ५४७ धांवांचें उत्तर दिलें, त्यांत यष्टिरक्षक अक्षय वाडकर याचें शतक. आणि १ जानेवारी २०१८ रोजीं ९ गडी राखून करंडक नागपुरास आला. पुढच्या वर्षीं सौराष्ट्राला ७८ धांवांनीं हरवून तो नागपुरांतच राहिला. सरवट्यानें ११ बळी घेतले, आणि चेतेश्वर पुजारासारख्या तपस्वी फलंदाजाला दोन्ही डावांत मिळून एकच धांव करूं दिली. त्याच हंगामांत नागपूरला साखळी सामन्यांत मुंबईचा एक डाव व १४५ धांवांनीं पाडाव झाला. जाफरनें आपल्या जुन्या संघाविरुद्ध १७८ धांवा केल्या.

येथें मुंबईचे अभिमानी एक आक्षेप काढतात, आणि तो टाळून पुढें जाणें बरोबर होणार नाहीं. ते म्हणतात, तुमचा गुरु आमचा, तुमचा मुख्य फलंदाज आमचा. मग विदर्भाचा म्हणून विजय उरला किती? शिवाय कर्नाटकाचे गणेश सतीश व पुढें करुण नायर, आणि ज्याचा त्रिफळा उडवून तुम्हीं इतिहास घडविला तो दिल्लीचा ध्रुव शोरीहि नंतर तुमच्याच संघांत आला. आक्षेपांत तथ्य आहे. पण भदोहीचा मुलगा मुंबईचा होऊं शकतो, तर मुंबईचा जाफर विदर्भाचा कां होऊं नये? फरक इतकाच कीं मुंबईकडे माणसें आपण होऊन जातात. विदर्भाला तीं बोलवावीं लागलीं. आणि बोलावून आणलेल्या माणसांकडून घरचीं मुलें काय शिकलीं, हें पाहिल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. जाफर २०२० सालीं निवृत्त झाला. पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ सालीं त्यांनीं बंगळूरच्या अंतिम सामन्यांत मुंबईलाच हरवून त्या प्रांताला पहिला करंडक दिला. विदर्भ त्यानंतरहि खालीं बसला नाहीं.

खरी तुलना मी ज्या दोन सामन्यांवरून करतों ते आतां सांगतों.

पहिला, १० ते १४ मार्च २०२४, वानखेडे मैदान, रणजीचा अंतिम सामना. मुंबईची स्थिति ६ बाद १११ अशी झाली होती. तेव्हां शार्दूल ठाकुरानें ७५ धांवा करून डाव २२४ पर्यंत नेला. शेपटीचें बळ म्हणतों तें हें. विदर्भाचा पहिला डाव १०५ धांवांत आटोपला. मुंबईनें दुसऱ्या डावांत ४१८ केल्या. १९ वर्षांच्या मुशीर खानानें १३६. विदर्भापुढें ५३८ धांवांचें लक्ष्य. कोणीहि समंजस माणूस येथें रेडिओ बंद करता. पण करुण नायरनें ७४ केल्या, आणि पांचव्या दिवशीं सकाळीं कर्णधार वाडकर व तरुण हर्ष दुबे यांनीं जेवणाच्या सुटीपर्यंत एकहि बळी पडूं दिला नाहीं. वाडकरच्या १०२, दुबेच्या ६५. मुंबईच्या मैदानावर मुंबईचाच खडूसपणा विदर्भानें मुंबईला दाखविला. मग ३५३ वर वाडकर बाद झाला आणि पुढच्या १५ धांवांत डाव संपला. मुंबई १६९ धांवांनीं विजयी. धवल कुलकर्णीचा हा अखेरचा सामना. शेवटचा बळीहि त्यानेंच घेतला. या पराभवांत विदर्भाचे दोन दोष उघडे पडले : लाल मातीवर उसळी घेणारा चेंडू पहिल्या दिवशीं खेळतां आला नाहीं, आणि शेपूट आंखूड ठरली.

दुसरा सामना ११ महिन्यांनीं, फेब्रुवारी २०२५ मध्यें, नागपूरजवळ जामठ्यास. उपांत्य फेरी. मुंबईच्या संघांत अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर. नुसती नांवें वाचून छाती दडपावी. विदर्भानें प्रथम ३८३ केल्या. त्यांत शतक एकाचेंहि नाहीं; दानिश मालेवार ७९, शोरी ७४, यश राठोड ५४. सगळ्यांनीं थोडी थोडी वर्गणी दिली. मग मुंबईच्या डावांत डावखुऱ्या पार्थ रेखडेनें एकाच षटकांत रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे या तिघांना बाद केलें. त्यांतल्या दोघांना भोपळाहि फोडतां आला नाहीं. सलामीच्या आकाश आनंदनें १०६ धांवा करून मुंबईची लाज राखली, तरी डाव २७० वर थांबला. दुसऱ्या डावांत विदर्भाचे फलंदाज बाद होत असतां यश राठोड १५१ धांवांपर्यंत टिकला. मुंबईला ४०६ हव्या होत्या. तिच्या शेपटीनें येथेंहि झुंज दिली, शार्दूलनें ६६ केल्या. पण हर्ष दुबेनें ५ बळी घेतले आणि ८० धांवांनीं विदर्भ जिंकला. पुढें केरळाविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला व पहिल्या डावांतील ३७ धांवांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदां विदर्भास मिळाला. त्या हंगामांत दुबेनें ६९ बळी घेऊन रणजी स्पर्धेंतला एका हंगामाचा उच्चांक केला, आणि सर्वांत अधिक, म्हणजे ९६०, धांवा राठोडनें काढल्या. सर्वाधिक बळी आणि सर्वाधिक धांवा, दोन्ही एकाच संघाकडे. आणि ही दोघेहि विदर्भाच्याच क्रिकेटांत घडलेलीं मुलें. वर सांगितलेल्या आक्षेपाला याहून सविस्तर उत्तर देण्याची मला गरज वाटत नाहीं.

मात्र विदर्भ म्हणजे काय, हा प्रश्न माझ्या मनांतून जात नाहीं. २०२५ पर्यंत विदर्भाकडून खेळलेला अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे हे अपवाद धरले, तर विदर्भाचा संघ हा पुष्कळ अंशीं नागपूर शहराचा संघ आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यानें अक्षय कर्णेवार दिला. हा दोन्ही हातांनीं फिरकी टाकतो. समोर डावखुरा फलंदाज आला तर हात बदलतो. २०१९ च्या नागपूरच्या अंतिम सामन्यांत पहिल्या डावांत त्यानें नाबाद ७३ धांवा केल्या, आणि नोव्हेंबर २०२१ मध्यें मणिपूरविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यांत आपल्या वांट्याच्या चारहि षटकांत एकहि धांव दिली नाहीं. असा पराक्रम त्यापूर्वीं कोणाच्या नांवावर नव्हता. पण असे किती कर्णेवार उमरखेड, महागांव, झरी-जामणीच्या शाळांतून निघून गेले असतील, तें कोण मोजणार? मीं शिकविलेल्या मुलांत एक डावखुरा होता. फाटक्या रबरी चेंडूला तो असा वळवी कीं आमच्या कवायतीच्या मास्तरांनाहि खेळतां येत नसे. यवतमाळहून नागपूर सुमारें १५० किलोमीटर; निवड-चाचणीसाठीं जावयाचें तर एक दिवस जाण्याचा, एक मुक्कामाचा, आणि बापाचे दोन रोज बुडतात. पालघरच्या मुलाला जी लोकल गाडी मिळाली ती याला नव्हती. आमची शकुंतला गाडी होती ती मूर्तिजापुराकडे जाणारी, आणि तीहि बंद पडली. तो मुलगा सध्यां कापसाच्या जिनांत मुकादम आहे आणि विदर्भाच्या प्रत्येक सामन्याची धांवसंख्या त्याला तोंडपाठ असते.

म्हणून बलाबलाचा निकाल मी असा लावतों. तयार माल पाहिला, तर लाल मातीवर मुंबई वरचढ, काळ्या मातीवर विदर्भ. आणि त्रयस्थ मैदानावर, पांच दिवसांचा सामना असेल तर, मी विदर्भाच्या बाजूनें कौल देईन, कारण चौथ्या-पांचव्या दिवशीं गोलंदाजी कंटाळून चालत नाहीं. पण कोठारांतील शिल्लक पाहिली तर मुंबई अजून फार पुढें आहे. तिचे चार फलंदाज देशाच्या संघांत गेले, तर पांचवा, सहावा, सातवा तयार असतो. विदर्भाचे दोन गेले कीं जागा रिकामी दिसते. ती शिल्लक नागपुरांतून वाढणार नाहीं, तेथें जितकें पिकावयाचें तितकें पिकूं लागलें आहे. ती यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली येथून यावयाची. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणीं काळ्या मातीची एक खरी खेळपट्टी, ती सांभाळणारा एक जाणता माळी, आणि निवडीच्या दिवसांत नागपुरास उतरण्यासाठीं खेड्यांतल्या मुलांना एक खोली, एवढें झालें तर पुढल्या दहा वर्षांत हा प्रश्न पुन्हां विचारावयास हरकत नाहीं.

रहाणे-सूर्यकुमारांना एका षटकांत बाद करणारा रेखडे तेव्हां रणजीमध्यें नवखाच होता, हें सांगावयाचें राहिलें होतें. तेंहि सांगून झालें, आणि मला दिलेली वेळहि झाली.